खारा वारा, तिरपा पाऊस आणि नवं घर : वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून घरबांधणीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. काही प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : उत्तनला समुद्रापासून साधारण दोनशे मीटरवर आमची वडिलोपार्जित जागा आहे. जुनं कौलारू घर मोडकळीला आलंय, तिथे एक मजली नवं घर बांधायचंय. कंत्राटदार म्हणतो, एम-२० काँक्रीट पुरेसं आहे, गंजाची भीती असेल तर इपॉक्सी लावलेल्या सळया घेऊ. पाणी आवारातल्या बोअरवेलचंच वापरणार आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : सळई कोणती घ्यायची हा प्रश्न शेवटी ठेवा. काँक्रीट किती घट्ट, सळईवर कव्हर (म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) किती आणि पाणी कुठलं, या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. काँक्रीट आणि पाणी यांबद्दल कंत्राटदाराचं म्हणणं तुमच्या जागेला लागू पडत नाही, आणि कव्हरबद्दल तो काही बोललेलाच नाही.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवती एक पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. तो टिकून आहे तोवर गंज चढत नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू आत सरकतात आणि सळईपर्यंत पोचले की हा थर फोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो. सळईच्या रेषेत उभी तडा जाते आणि एक दिवस खपली पडते. म्हणजे खाऱ्या हवेत घर किती वर्षं टिकणार, हे क्लोराइडला सळईपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात त्यावर ठरतं.

आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात एम-२० हे सर्वांत सौम्य हवेसाठी आहे (एमपुढचा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). किनारपट्टीच्या हवेला उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ मिमी कव्हर सांगितलं आहे. लाटांचे तुषार घरापर्यंत येत असतील तर एम-३५, ३४० किलो सिमेंट आणि ५० मिमी कव्हर. पावसाळ्यात समुद्राकडच्या झाडांची पानं मिठाने करपत असतील, तर तुषार येतात असंच समजा आणि दुसरा हिशेब धरा. खर्चातला फरक एकूण घराच्या मानाने थोडा असतो.

०.४५ म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी. यात वाळूतलं पाणीही आलं, आणि साइटवर घोटाळा होतो तो इथेच. गोणीमागे साधारण १०० किलो वाळू लागते. ती ओली असेल आणि तिच्यात ५ टक्के पाणी असेल, तर पाच लिटर आधीच आत आलेले असतात. वरून साडेसतराच घालायचे. मिश्रण कोरडं वाटलं म्हणून मजूर आणखी बादलीभर ओततात. ते पाणी पुढे सुकून जातं आणि मागे क्लोराइडला यायला वाटा ठेवतं. मिश्रण सैल हवं असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन) घाला, पाणी नाही. रेडीमिक्सच्या गाडीतही साइटवर पाणी घालू देऊ नका.

बोअरवेलचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. आरसीसीसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. ३२० किलो सिमेंटच्या घनमीटरला १४४ लिटर पाणी लागतं. ते समुद्राचं असेल तर पावणेतीन किलो क्लोराइड पहिल्याच दिवशी आत जातं, आणि मानकाची मर्यादा आहे ०.६ किलो. तुमचं बोअरवेल नुसतं मचूळ लागत असलं तरी प्रयोगशाळेचा अहवाल आणा. नापास झालं तर टँकर, आणि टँकरचं पाणीसुद्धा तपासून. क्युरिंगलाही, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायलाही, तेच तपासलेलं पाणी. फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलादभट्टीची मळी) असलेलं सिमेंट खाऱ्या हवेत जास्त चांगलं, कारण त्याची छिद्रं बारीक राहतात. पण ते सावकाश पिकतं, म्हणून १४ दिवस गोणपाट ओलं ठेवावंच लागतं. सातव्या दिवशी पाणी मारणं बंद केलं तर सगळी मेहनत वाया जाते.

कव्हर मोजायचं ते मुख्य सळयांभोवतीच्या रिंगच्या बाहेरच्या कडेपासून, मुख्य सळईपासून नाही. खडीचा किंवा विटेचा तुकडा खाली सरकवून कव्हर मिळत नाही. त्याच प्रतीच्या काँक्रीटचे कव्हर ब्लॉक मीटरभर अंतरावर बांधून घ्या आणि ओतण्याआधी स्वतः टेपने मोजा. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला आराखड्याच्या वेळीच सांगायला हवं. १२५ मिमी स्लॅबमध्ये कव्हर ३० वरून ४५ मिमी केलं तर कामाची खोली ९० वरून ७५ मिमीवर येते आणि सळईचा हिशेब बदलतो. घरातल्या, हवेपासून आडोशाच्या स्लॅबला ३० मिमी चालतं. बाल्कनी, छज्जा आणि बाहेरचे कॉलम यांना मात्र पूर्ण ४५.

छज्ज्याकडे विशेष लक्ष द्या. भिंतीतून बाहेर आलेल्या छज्ज्यात मुख्य सळई वरच्या अंगाला असते. ओतताना मजूर तिच्यावर उभे राहतात, ती दबून खाली जाते आणि छज्जा मुळाशी चिरतो. सळईखाली चेअर (तिला वर धरून ठेवणारे सळईचे वाकवलेले आधार) बांधल्या आहेत की नाही ते पाहा आणि चालायला फळी टाकायला लावा.

आता इपॉक्सी लावलेली सळई. वाकवताना, कापताना, ओढताना तिचं आवरण खरवडतं आणि गंज नेमका त्या ठिकाणी गोळा होतो. कारखान्यातली शिस्त छोट्या साइटवर पाळली जात नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. ते पैसे एम-३५, व्हायब्रेटर आणि क्युरिंगसाठी ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट : भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येतो. जुनं घर पाडण्यापूर्वी महापालिकेकडून लेखी परवानगी घ्या. एकदा पाडलं की जुन्या घराचा पुरावा उभा करणं कठीण जातं, म्हणून आधी मोजमापं, फोटो आणि घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : वाशीला खाडीकडे, पश्चिमेला आमच्या बंगल्याची आठ फूट रुंद, पाच फूट उंच सरकती खिडकी आहे. दर जुलैत आतल्या ओट्यावर पाणी साचतं. दोनदा सिलिकॉन मारलं. नवीन मजला चढवतोय, तिथेही तशीच खिडकी घ्यावी का?

उत्तर : तशीच घेऊ नका. पाणी बहुधा काचेच्या सांध्यातून नव्हे, खालच्या रुळावरून आत चढतंय आणि त्याला सिलिकॉन काही करू शकत नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. पास्कलमध्ये हिशेब सोपा आहे : ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रतिसेकंदात. ताशी ७२ किमी वारा म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद. दाब २४० पास्कल, म्हणजे सुमारे २४ मिमी उंचीच्या पाण्याइतका. खिडकीच्या रुळाची आतली कड २५ मिमी असेल, तर ताशी ७२ किमीच्या झोतातच पाणी काठावर येतं. ताशी १०० किमीला तोच आकडा ४७ मिमी होतो. मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा पायाभूत वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरतात. त्या दाबाने तुमच्या साडेतीन-पावणेचार चौरस मीटरच्या खिडकीवर सव्वाचारशे किलोंच्या वर भार येतो. सरकत्या झडपा मधोमध वाकतात, त्यांच्यातल्या केसाळ पट्ट्या उघडतात आणि तिथूनही तुषार येतात.

रुळाला बाहेर पाणी सोडणारी भोकं असतातच. ती बसवताना सिमेंटने बुजतात किंवा पुढे धूळ आणि किड्यांनी. आधी रुळात तांब्याभर पाणी ओतून बघा. मिनिटभरात बाहेर गेलं नाही तर पहिला दोष सापडला. भोकांना बाहेरून झडपेचं झाकण नसेल तर वारा त्यांतूनच पाणी उलटं फुंकतो.

नव्या मजल्यावर पश्चिमेला अचल काच आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर उघडणाऱ्या, रबर गॅस्केटच्या, अनेक ठिकाणी अडकणाऱ्या झडपा घ्या. वारा अशा झडपेला चौकटीवर दाबून आणखी घट्ट करतो. सरकता दरवाजा हवाच असेल तर तो पूर्वेला, किंवा खोल व्हरांड्याच्या आत. दोन फुटी छज्जा पुरेल अशी समजूत असते. पाऊस ४५ अंशांत आला की दोन फुटी छज्जा खालची दोनच फूट भिंत वाचवतो. पाच फुटी खिडकीचे उरलेले तीन फूट भिजणारच.

खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा, फुटाला निदान एक इंच. पट्टी भिंतीच्या बाहेर ५० मिमी काढा आणि तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून २० मिमी आत, १० मिमीची खोबण पाडून घ्या. ती नसली की पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं. खिडकीखाली दिसणारे काळे ओघळ त्याचेच. चौकट आणि भिंत यांच्यात ६ ते १० मिमी फट ठेवून तिच्यात फोमची दोरी आणि वर न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हाइट सिमेंट भरू नका, ते पहिल्या उन्हाळ्यातच सुटतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको. त्यातलं आम्ल सिमेंटवर आणि धातूवर वाईट परिणाम करतं.

काम ताब्यात घेण्यापूर्वी पाइपने पाणी मारून तपासा, पण खालून सुरुवात करा : आधी सिल (खिडकीखालची पट्टी), मग बाजू, मग वरचा सांधा, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

प्रश्न : दिवाळे गावात आमचं घर नव्याने बांधतोय. जोतं रस्त्यापासून दीड फूट वर घेतलं तर पुरेल ना? मोठ्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी येतं.

उत्तर : नाही पुरणार. गुडघाभर पाणी म्हणजेच दीड फूट, आणि रस्ता दर डांबरीकरणात किंवा काँक्रिटीकरणात वर येत जातो. पंधरा वर्षांत तुमचं जोतं रस्त्याच्या बरोबरीला येईल.

सखल भागात पाणी साचण्याचं कारण केवळ पाऊस नसतं. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीला खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून नाल्यांच्या तोंडाची दारं मिटतात आणि पावसाचं पाणी धारण तलावांत ओहोटीची वाट बघत थांबतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की गल्ली भरते. म्हणून आकडा कागदावर शोधू नका, गावात शोधा. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला त्या दिवशी, तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या खुणेवर एक फूट धरा आणि जोतं तिथे ठेवा. उंची चार फुटांच्या पुढे जात असेल तर भर घालत बसण्यापेक्षा खाली मोकळा स्टिल्ट ठेवून घर वर उचलणं शहाणपणाचं.

विजेचं मीटर, मेन स्विच, इन्व्हर्टर आणि पाण्याचा पंप या खुणेच्या वर. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीपासून फूटभर उंच आणि घट्ट बसणारं. नाहीतर पुराचं घाण पाणी प्यायच्या पाण्यात मिसळतं. संडासाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे गटार भरल्यावर ते घरात उलटत नाही. तो चेंबरमध्ये, हात पोचेल असा ठेवा. दर मे महिन्यात साफ केला नाही तर कचरा अडकून उघडाच राहतो. सेप्टिक टँक भर पावसाळ्यात उपसू नका. आजूबाजूच्या जमिनीत पाणी तुडुंब असताना रिकामी टाकी बोटीसारखी वर उचलली जाते.

जमिनीबद्दल : खाडीकाठच्या मऊ चिखलावर भर टाकली की तो वर्षानुवर्षं दबत जातो. पाया ठरवण्याआधी बोअर मारून माती तपासा, खडक किती खोल आहे पाहा आणि भूजलातलं क्लोराइड व सल्फेटही मोजून घ्या. पाया खाऱ्या भूजलात राहणार असेल तर त्याला एम-३५ आणि निदान ५० मिमी कव्हर हवं. तळमजल्याची फरशी भरावावर न टाकता जोत्याच्या बीमवर स्लॅब म्हणून टाका. कॉलम पायलवर (जमिनीत खोलवर नेलेल्या खांबांवर) आणि फरशी भरावावर असली, की घर जागेवर राहतं आणि फरशी खाली जाते. भर घालायची तर मुरूम, सहा ते आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि रोलर फिरवून.

भिंतीला लोणा धरू नये म्हणून जोत्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींखाली सलग ओलरोधक थर हवा. आतल्या आडभिंतीही त्यातून सुटता कामा नयेत. प्लास्टरची वाळू खाडीतली, न धुतलेली असेल तर हा थर असूनही लोणा फुटतो, कारण मीठ आपणच भिंतीवर फासलेलं असतं. जिथे काँक्रीट आणि वीटकाम जुळतं तिथे प्लास्टरखाली जाळी लागते. कोंबडजाळी न वापरता फायबरग्लासची घ्या. कोंबडजाळी खाऱ्या ओलीत गंजून प्लास्टर फुगवते.

प्रश्न : बाळकुमला आमच्या घराच्या गच्चीवर १५ बाय २० फुटांची पत्र्याची शेड घालायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, खांब कठड्याला बोल्ट मारून बसवू, म्हणजे वॉटरप्रूफिंगला धक्का नको.

उत्तर : वॉटरप्रूफिंगची काळजी रास्त आहे, पण कठड्याला बोल्ट मारणं धोक्याचं आहे. शेड वजनाने खाली बसेल याच हिशेबाने लोक विचार करतात. वारा तिला वर खेचतो. तुमची शेड २८ चौरस मीटर आहे. ताशी १०० किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ४७ किलो, म्हणजे वर खेचणारं बळ सुमारे १,३०० किलो. पत्रा आणि सांगाडा मिळून वजन असेल पाच-सहाशे किलो. उरलेलं सगळं बोल्टनी धरून ठेवायचं, आणि चारपाच इंची विटेचा कठडा ते धरू शकत नाही. तो शेडसकट रस्त्यावर जातो.

खांब खालच्या कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवर घ्या. तिथे सहा इंच उंचीचा काँक्रीटचा ठोकळा सळईसकट बांधा, वॉटरप्रूफिंग त्याच्या चारी बाजूंनी वर चढवून गोलाईने संपवा आणि २०० मिमी चौरस, १० मिमी जाड प्लेट चार १२ मिमी अँकरनी वर बसवा. अशाने छिद्रं पाण्याच्या पातळीच्या वर राहतात. पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या, टोकं बंद करा. उघड्या टोकातून पाणी शिरून पाइप आतून गंजतो आणि वरचा रंग शेवटपर्यंत छान दिसत राहतो.

पत्रा अॅल्युमिनियम-झिंक लेपाचा, ०.५ मिमी. मधल्या भागात एकाआड एक उंचवट्यावर स्क्रू चालतो, पण कडेच्या ओळीत आणि कोपऱ्यांत प्रत्येक उंचवट्यावर हवा, कारण ओढ तिथे सर्वांत जास्त असते. पत्रा नेहमी कोपऱ्यापासूनच सोलला जातो. तिन्ही बाजू ताडपत्रीने बंद करू नका. आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो आणि वरचा सगळा हिशेब दुपटीकडे जातो.

पाण्यासाठी चार इंची पाइप दोन ठेवा. तासाला १०० मिमी पावसात एक पाइप सुमारे साडेचारशे चौरस फुटांचं पाणी नेतो, तेव्हा एक पुरेसा वाटेल. पण एका पानाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीने तो बंद होतो आणि गच्चीचं तळं होतं. कठड्यात, दाराच्या उंबऱ्यापेक्षा खाली, एक जादा पन्हळही काढा. ती वाहू लागली की खालचा पाइप तुंबलाय हे लगेच कळतं.

प्रश्न : नेरूळ. बाल्कनीच्या स्टीलच्या रेलिंगवर वर्षभरात तपकिरी ठिपके आले. दुकानदाराने ३०४ स्टेनलेस दिलं होतं. फसवणूक झाली का?

उत्तर : तसं म्हणता येणार नाही. ३०४ खाऱ्या हवेत डागाळतंच. किनाऱ्याजवळ ३१६ मागावं, त्यात मॉलिब्डेनम असतं. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही. कारखान्याचं प्रमाणपत्र मागा. सध्याचे डाग बहुधा वरवरचे आहेत. गोड्या पाण्याने आणि मऊ नायलॉनच्या घासणीने काढा, लोखंडी तारेचा काथ्या लावू नका. संडास साफ करायचं अॅसिड तर मुळीच नको, त्यातही क्लोराइड आहे. नंतर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. गुळगुळीत पॉलिशवर मीठ कमी बसतं, मॅट फिनिशवर जास्त.

प्रश्न : ऐरोली. खाडीच्या बाजूच्या खोलीतल्या एसीची तांब्याची कॉइल तीन वर्षांत दोनदा गळली. घर नव्याने करताना काय बदलावं?

उत्तर : घरातल्या चांदीच्या वस्तू, पैंजण, निरांजन, लवकर काळे पडतात का? तसं असेल तर मिठाच्या जोडीला ओहोटीच्या चिखलातून आणि सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड आहे. तो तांब्यालाही खातो आणि स्विचच्या संपर्कबिंदूंनाही.

बाहेरचं युनिट खाडीकडच्या भिंतीवर लावू नका. पूर्वेच्या, वाऱ्याच्या आडच्या भिंतीवर न्या. त्यासाठी पाइप आणि निचऱ्याची वाट भिंती बांधतानाच सोडावी लागते, नंतर फोडलेल्या भोकातून पाऊस आत येतो. युनिट कोंडूनही टाकू नका, समोर निदान तीन फूट मोकळं हवं. कॉइलच्या नुसत्या पातळ पत्तींना निळा लेप असलेलं युनिट नको. तांब्याच्या नळ्या आणि सांध्यांसकट पूर्ण कॉइलला कारखान्यातच लेप दिलेलं मागा, आतल्या युनिटसाठीही. बाहेरची कॉइल दोन-तीन महिन्यांतून एकदा, वीज बंद करून, साध्या धारेने गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर पंपाने पत्ती वाकतात. घेताना वॉरंटीच्या कागदात खाऱ्या हवेमुळे किंवा वायूमुळे होणारी झीज वगळली आहे का, तेवढी ओळ वाचूनच पैसे द्या.